दृश्य प्रकाशाचा पल्स अणू हलवतो कसा, आणि तुमच्या स्कॅनमध्ये ते का दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गॅलियम आर्सेनाइडच्या वेफरवर पंप-प्रोब प्रयोग मांडला आहे (पंप पल्सने नमुना हलवायचा, थोड्या उशिराने येणाऱ्या प्रोब पल्सचं परावर्तन मोजायचं). टायटॅनियम-सफायर लेसर, ८०० नॅनोमीटर, १०० फेम्टोसेकंदांचा पल्स. ८.८ टेराहर्ट्झची दोलनं दिसतील असं वाचलं होतं. प्रत्यक्षात शून्य वेळेला एक टोकदार उडी दिसते, मग सावकाश उतरणारी शेपटी, आणि लांब स्कॅन घेतला तर शेपटीवर साधारण २३ पिकोसेकंदांची लाट. हीच का ती जालकाची, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीची, कंपनं? १.५५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन ३६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोनॉनला, म्हणजे त्या कंपनाच्या एका पुडक्याला, हलवणार तरी कसा? की हा सगळा नुसत्या तापण्याचा परिणाम आहे?

तापण्यापासून सुरुवात करतो, कारण ती शंका डोक्यात राहिली तर पुढचं काहीच नीट बसत नाही.

खोलीच्या तापमानालाही अणू थरथरतच असतात. ८.८ टेराहर्ट्झच्या मोडमध्ये ३०० केल्विनला सरासरी ०.३२ फोनॉन असतात. पण ही थरथर ज्याची त्याची असते, ताल एक नसतो. लेसरच्या ठिपक्याखालच्या सगळ्या अणूंचं विस्थापन एकत्र करून सरासरी काढली तर उत्तर शून्य येतं. वेफर तापवला की थरथर वाढते, सरासरी मात्र शून्यच राहते. परावर्तन डोलताना दिसायचं असेल तर ही सरासरी शून्यापासून हलायला हवी, म्हणजे ठिपक्याखालचे सगळे गॅलियम अणू एकदम एका बाजूला आणि सगळे आर्सेनिक दुसऱ्या बाजूला जायला हवेत. यालाच कोहेरंट फोनॉन म्हणतात. तापवून असा एकोपा येत नाही.

आकडे घालून बघा. ८० मेगाहर्ट्झच्या लेसरचे ४०० मिलिवॉट पंपाला दिलेत, तर एका पल्समध्ये ५ नॅनोज्यूल. ठिपका ५० मायक्रॉनचा धरला तर चौरस सेंटीमीटरला २५५ मायक्रोज्यूल पडतात. एक तृतीयांश परावर्तित होतात, उरलेले पाऊण मायक्रॉन खोलीत शोषले जातात. ती सगळी ऊर्जा तत्काळ उष्णतेत गेली असं मानलं तरी एका पल्समागे तापमान वाढतं जेमतेम सव्वा अंश. पल्सामागून पल्स आल्यामुळे वेफर सरासरीने थोडा गरम राहतो हे खरं, पण त्याला पंपाच्या वेळेशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे तो स्कॅनमध्ये येत नाही.

एक फोनॉन-निर्मिती मात्र खरोखर होते आणि ती बऱ्याच जणांना चकवते. ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.५५ आणि बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) १.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ०.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट जास्तीचे उरतात. ते इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन उठल्यावर मागे उरलेली रिकामी जागा) यांच्यात वाटले जातात, त्यातही हलका म्हणून बहुतेक वाटा इलेक्ट्रॉनला मिळतो. तो काही शे फेम्टोसेकंदांत फोनॉन सोडून खाली उतरतो. हे फोनॉन असतात, भरपूर असतात, पण कुठला इलेक्ट्रॉन कधी सोडेल याला ताल नाही. अँटी-स्टोक्स रामन, म्हणजे फोनॉनची ऊर्जा घेऊन विखुरलेला प्रकाश, मोजलंत तर ते दिसतील. तुमच्या फोटोडायोडला ते दिसणार नाहीत.

आता ४३ पट ऊर्जेचा प्रश्न. इथे फोटॉनचं फोनॉनमध्ये रूपांतर होतच नाही, म्हणून ऊर्जा जुळायची अटही नाही. अट आहे वेळेची: अणूंवरचं बल त्यांच्या एका आवर्तकालापेक्षा बरंच लवकर बदललं पाहिजे. गॅलियम आर्सेनाइडच्या या मोडचा आवर्तकाल ११४ फेम्टोसेकंद. त्याच्या आत बल बदललं की सगळे अणू एकाच क्षणी निघतात, आणि एकोपा येतो तो यातूनच.

बल बदलायचे मुख्य दोन मार्ग आहेत. थांबलेल्या झोपाळ्याला चापट मारली तर तो मधल्या जागेवरूनच निघतो. सुरुवातीला वेग आहे, विस्थापन शून्य. पण कोणी आढ्याची कडीच झटकन बाजूला सरकवली तर झोपाळा जागचा न हलताही नव्या समतोलापासून दूर सापडतो, आणि त्याची दोलनं टोकापासून सुरू होतात. पहिल्यात साइन, दुसऱ्यात कोसाइन.

पहिला मार्ग म्हणजे रामन परिणामच, फक्त घाईतला. ३० फेम्टोसेकंदांच्या पल्सची वर्णपटातली रुंदी सुमारे १५ टेराहर्ट्झ असते, म्हणजे ८.८ टेराहर्ट्झचा फरक असलेल्या दोन रंगांच्या जोड्या एकाच पल्समध्ये हजर असतात. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात विखुरलेल्या प्रकाशातला रंगबदल पकडला. इथे दोन्ही रंग आपणच पाठवतो आणि त्यांच्यातल्या फरकाने जालकाला चापट बसते. त्याला प्रकाश शोषला जाण्याची गरज नाही, पारदर्शक स्फटिकातही हे होतं.

दुसऱ्या मार्गात शोषण लागतं. इलेक्ट्रॉन बंधातून उठून वरच्या पट्ट्यात गेले की बंधांची ओढ बदलते आणि अणूंची समतोल जागाच सरकते. बिस्मथ, अँटिमनी, तेल्युरियममध्ये हे ठळक दिसतं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या झायगर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याची मांडणी केली.

गॅलियम आर्सेनाइडमध्ये कडी वेगळीच आहे. तिथल्या पृष्ठभागावर फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) अडकलेली असते, त्यामुळे पृष्ठभागालगत एक विद्युतक्षेत्र कायम बसलेलं असतं, डोपिंगनुसार (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीनुसार) सेंटीमीटरला लाखभर व्होल्टपर्यंत. स्फटिक ध्रुवीय असल्याने या क्षेत्रात गॅलियम आणि आर्सेनिक एकमेकांपासून किंचित सरकून बसलेले असतात. पंपाने इलेक्ट्रॉन-होल निर्माण केले की ते विरुद्ध दिशांना धावतात, क्षेत्र झाकलं जातं, आणि अणू सोडलेल्या स्प्रिंगसारखे मोकळे होतात. १९९० साली जर्मनीतल्या आखेनमध्ये चो, क्यूट आणि कुर्झ यांनी ही दोलनं परावर्तनात पहिल्यांदा थेट वेळेच्या अक्षावर दाखवली. याची एक सुंदर खूण आहे: एन-प्रकारच्या आणि पी-प्रकारच्या वेफरमध्ये पृष्ठभागावरचं क्षेत्र उलट दिशांना असतं, म्हणून दोलनांची फेजही उलटते.

इथवर आल्यावर तुमच्या स्कॅनकडे वळू. दोलनं न दिसायला माझ्या मते चार कारणं आहेत आणि बहुधा चारही एकाच वेळी लागू आहेत.

सगळ्यात मोठं कारण पल्सची लांबी. गॉसियन पल्स धरला तर त्यातून मिळणारा धक्का वारंवारता आणि लांबी यांच्या गुणाकाराच्या वर्गाप्रमाणे घातांकी वेगाने घटतो. ८.८ टेराहर्ट्झसाठी १०० फेम्टोसेकंदांचा पल्स आदर्श धक्क्याच्या फक्त ६ टक्के देतो. आणि प्रोबही तेवढाच लांब आहे, तो तेवढंच पुन्हा पुसून टाकतो. दोन्ही मिळून उरतात ०.४ टक्के. ५० फेम्टोसेकंदांना हेच २५ टक्के होतात, ३० ला ६० टक्के. चांगल्या मांडणीतही परावर्तनातला हा बदल लाखात एक भाग किंवा त्याहून कमी असतो, त्याचे ०.४ टक्के शोधायला लॉक-इनसमोर (गोंगाटातून बारीक सिग्नल वेगळा काढणाऱ्या यंत्रासमोर) बसून काही उपयोग नाही. क्षेत्र झाकलं जाण्याच्या मार्गात हिशेब थोडा वेगळा होतो, कारण बल पल्स संपल्यावरही टिकून राहतं, पण त्या बलाची चढण पल्सपेक्षा जलद असू शकत नाही, त्यामुळे निष्कर्ष तोच.

छापील पल्स-लांबीवर भरवसा ठेवू नका. ती लेसरच्या तोंडाशी मोजलेली असते. नमुन्यापर्यंत जाताना प्रत्येक भिंग, प्रत्येक काचेची खिडकी पल्स ताणते. १५ फेम्टोसेकंदांचा पल्स १ सेंटीमीटर फ्यूज्ड सिलिकातून गेला की ६८ फेम्टोसेकंदांचा होतो. सिलिकॉनचा मोड १५.६ टेराहर्ट्झचा, आवर्तकाल ६४ फेम्टोसेकंद. म्हणजे एक जाड भिंग आख्खा प्रयोग गिळू शकतं. पिट्सबर्गमध्ये हासे, पेटेक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सिलिकॉनचं कंपन जन्मताना टिपलं ते ४०० नॅनोमीटरच्या आसपासचे, १० फेम्टोसेकंदांचे पल्स नमुन्यावर पोहोचवून. तेव्हा भिंगाऐवजी वक्र आरसा वापरा, आणि पातळ बीबीओ स्फटिक (दोन पल्स एकाच वेळी आले की दुप्पट वारंवारतेचा प्रकाश देणारा) नमुन्याच्याच जागी ठेवून पल्स तिथे मोजा.

दुसरं कारण डिले स्टेजचं, म्हणजे दोन पल्समधलं अंतर बदलणाऱ्या सरकत्या आरशाचं, पाऊल. स्टेज १ मायक्रॉन सरकली की प्रकाशाचा जाऊन-येऊन मार्ग २ मायक्रॉनने बदलतो, म्हणजे ६.६७ फेम्टोसेकंद. लांब स्कॅनसाठी सहसा १० मायक्रॉनचं पाऊल ठेवतात, ते झालं ६७ फेम्टोसेकंद. ११४ च्या आवर्तकालाला ५७ हून लहान पाऊल हवंच, नाहीतर खरी वारंवारता हरवते आणि तिच्या जागी भलतीच खोटी मंद वारंवारता उगवते. पहिले ५ पिकोसेकंद २ मायक्रॉनच्या पावलांनी वेगळे घ्या.

तिसरं कारण दिशा, आणि यात अनुभवी माणसंही अडकतात. तुमचा वेफर बहुधा ००१ पृष्ठभागाचा, म्हणजे स्फटिकाच्या घनाच्या एका बाजूला समांतर कापलेला, असणार. फोनॉनच्या क्षेत्रामुळे अपवर्तनांक वेफरच्या एका कडेला समांतर वाढतो आणि काटकोनातल्या कडेला समांतर तेवढाच घटतो. हा वेफर ज्या सरळ रेषांत आपोआप तुटतो त्याच या दिशा. प्रोबचं ध्रुवण कडेशी ४५ अंशांवर असेल आणि तुम्ही नुसती एकूण तीव्रता मोजत असाल तर वाढ आणि घट एकमेकांना खातात, सिग्नल शून्य. ध्रुवण ४५ अंशांवरच ठेवा, पण परतलेला प्रोब ध्रुवण-विभाजकाने दोन्ही कडांच्या दिशांत फोडा, दोन फोटोडायोडवर घ्या आणि वजाबाकी करा. फोनॉनचा भाग दुप्पट होतो. इलेक्ट्रॉनांची ती मोठी शेपटी दोन्ही दिशांत सारखी असल्यामुळे बरीचशी निघून जाते, आणि लेसरच्या तीव्रतेतला चढउतारही तिच्यासोबत जातो. पंप आणि प्रोब एकमेकांना काटकोनात ध्रुवित ठेवता आले तर पंपाचा विखुरलेला प्रकाशही अडवता येतो.

चौथं कारण पंपाची ताकद. वरच्या ४०० मिलिवॉटच्या हिशेबात दर घन सेंटीमीटरला जवळपास १०चा १९वा घात इतके इलेक्ट्रॉन तयार होतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये ७ गुणिले १०चा १७वा घात एवढ्याला इलेक्ट्रॉनांच्या प्लाझ्माची वारंवारता फोनॉनच्या वारंवारतेशी गाठ घालते. त्यापुढे दोघांची मिश्र कंपनं होतात. त्यातलं वरचं झपाट्याने विझतं आणि खालचं ८ टेराहर्ट्झच्या आसपास येऊन बसतं. म्हणून कधी फूरिअर आलेखात (कुठली वारंवारता किती आहे ते दाखवणाऱ्या) ८.८ ला एक आणि ८ च्या जवळ दुसरं शिखर दिसलं तर आडव्या ऑप्टिकल मोडची नोंद करून मोकळे होऊ नका. तो मोडही ८ टेराहर्ट्झच्याच जवळ आहे खरा, पण ००१ पृष्ठभागावरून सरळ परतणाऱ्या प्रकाशात त्याला परवानगी नाही. ते खालचं मिश्र कंपन असतं. स्वच्छ ८.८ हवं असेल तर पंप २० मिलिवॉटपर्यंत खाली आणा. सिग्नल शोधताना हात नकळत पॉवर वाढवण्याकडे जातो. या स्फटिकात पॉवर कमी केली तर जास्त दिसतं.

आता ती २३ पिकोसेकंदांची लाट. ती खरी आहे, जालकाचीच आहे, आणि फुकटात मिळाली आहे, तेव्हा टाकून देऊ नका. पंपामुळे पृष्ठभागालगतचा थर अचानक ताणला जातो आणि तिथून एक ध्वनिलहर आत निघते. प्रोबचा काही भाग पृष्ठभागावरून परततो, काही भाग त्या सरकत्या लहरीवरून. दोघांचं व्यतिकरण होतं आणि लहर आत जाईल तसं ते उजळतं-मंदावतं. वारंवारता निघते अपवर्तनांक आणि ध्वनिवेग यांच्या गुणाकाराची दुप्पट भागिले तरंगलांबी: ३.६८, सेकंदाला ४७३० मीटर आणि ८०० नॅनोमीटर घातले की ४३.५ गिगाहर्ट्झ, म्हणजेच २३ पिकोसेकंद. पडताळा सोपा आहे. प्रोबची तरंगलांबी बदलली की ही वारंवारता बदलते, ऑप्टिकल फोनॉनची ८.८ बदलत नाही. ही लाट सहा-सात चक्रांत मावळत असेल तर ते बरोबरच आहे. प्रोब पाऊण मायक्रॉनपलीकडे पोहोचत नाही. याच जातीचं तंत्र ब्राउन विद्यापीठात मॅरिस आणि टाउक यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात उभं राहिलं, आणि आज चिप कारखान्यांत धातूच्या पातळ थरांची जाडी मोजायला ते वापरतात.

दोलनं मिळाल्यावर काय करायचं, हेही लिहून ठेवतो. बहुतेक प्रबंधांत फूरिअर आलेखातलं शिखर दाखवून विषय संपतो. मला ते अर्धवट वाटतं. वारंवारता तर रामन यंत्रावर दहा मिनिटांत मिळते. एवढा खटाटोप करून वेळेच्या अक्षावर मोजायचं ते फेजसाठी, कारण बल कुठल्या मार्गाने आलं हे तिथेच लिहिलेलं असतं. पण फेजला शून्य वेळ अचूक लागते. ८.८ टेराहर्ट्झला १० फेम्टोसेकंदांची चूक म्हणजे फेजमध्ये ३२ अंशांची चूक. सिलिकॉनमध्ये तीच ५६ अंश होते, म्हणजे साइन आणि कोसाइन यांत घोळ व्हायला पुरेशी. स्कॅनमधल्या उडीचा मध्य म्हणजे शून्य असं गृहीत धरू नका. बीबीओमधून घेतलेल्या क्रॉस-कोरिलेशनच्या शिखरावरून शून्य ठरवा, मग नमुना नेमका त्याच प्रतलात आणा. शिवाय फेजचा एकटीचा पुरावा पुरत नाही. पंपाचं ध्रुवण फिरवून बघा. सिलिकॉनच्या ००१ पृष्ठभागावर ध्रुवण ११० दिशेला असताना सिग्नल सर्वाधिक आणि १०० दिशेला शून्य होतो, हा रामन नियमांचा ठसा आहे. ध्रुवण फिरवूनही आयाम (दोलनाची उंची) ढिम्म राहिला तर समतोल सरकण्याकडे किंवा क्षेत्र झाकलं जाण्याकडे संशय जातो.

विझण्याचा काळ रामन रेषेच्या रुंदीशी पडताळताना दोनच्या पटीत गोंधळ होतो. तुमच्या स्कॅनमध्ये आयाम विझतो. ऊर्जा आयामाच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणून तिचा काळ निम्मा. रेषेची अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी दर सेंटीमीटरला ३ असेल तर आयामाचा काळ ३.५ पिकोसेकंद यायला हवा, ऊर्जेचा १.८. दोन शोधनिबंधांतले आकडे जुळत नाहीत असं वाटलं की आधी हे तपासा.

दुहेरी पल्सबद्दलही बरेच जण विचारतात, तेवढं उरकतो. दुसरा पंप ११४ फेम्टोसेकंदांनी आला तर दोलनं वाढतात, ५७ ने आला तर थांबतात. यात थांबतो तो फक्त ताल. बेताल फोनॉन आणि उत्तेजित इलेक्ट्रॉन तसेच राहतात, उलट दुसऱ्या पल्सने वाढतातच. "लेसरने स्फटिक थंड केला" असं कुठे वाचलंत तर सोडून द्या.

शेवटी तुमच्या हातातल्या लेसरचं. १०० फेम्टोसेकंदांत गॅलियम आर्सेनाइडचा हट्ट सोडा आणि तेल्युरियमचा स्फटिक मिळवा. तोही अर्धवाहकच. त्यात अणू मळसूत्रासारख्या साखळ्यांत बसलेले असतात आणि ३.६ टेराहर्ट्झच्या मोडमध्ये त्या मळसूत्राची त्रिज्या कमी-जास्त होते. वरचाच हिशेब इथे लावला तर पंप-प्रोब मिळून ४० टक्के सिग्नल उरतो. आयामही मोठा असतो, आणि हा मोड पूर्ण सममित असल्यामुळे दिशांची ती वजाबाकी न करताही दिसतो. पंप वाढवत न्या, वारंवारता खाली घसरताना दिसेल. आखेनच्याच गटाने १९९५ मध्ये हे दाखवलं. ताकद बरीच वाढवली तर पहिली चक्रं संथ आणि नंतरची जलद असंही दिसतं, कारण इलेक्ट्रॉन पृष्ठभागापासून आत पसरतात आणि बंध पुन्हा घट्ट होतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अजय सूद यांच्या गटाने २०१० मध्ये याचं तपशीलवार काम केलं आहे. अशा स्कॅनला एकच फूरिअर लावू नका. छोट्या खिडक्या सरकवत वारंवारता काढा. लहान पल्स असलेल्या प्रयोगशाळेत वेळ मागायला जाल तेव्हा तेल्युरियमचा असा एक स्वच्छ स्कॅन सोबत न्या, वेळ लवकर मिळतो.